त्रेसष्टच्या शेजारच्या प्लेटा

४ जानेवारी

प्रिय मावशी,

फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं जुळवतेस, हे तूच कबूल केलं आहेस. मागच्या खेपेला मी म्हटलं, माझ्या सगळ्या पेशी मेल्या, आणि तू आईला विचारलंस की हिच्याकडे कोण गेलं. म्हणून हे पत्र. शिवाय हे बोलायला मला दुसरं कुणी नाही. आईला सांगितलं तर ती म्हणेल, सरांचं ऐक.

तू एकतीस वर्षं पेशी सांभाळल्यास, तेव्हा तुला मुळापासून सांगायला नको. पण आमचं त्रेसष्ट तुला माहीत नाही. पेशीला बाहेरून निरोप येतो की वाढ, एकाची दोन हो. तो निरोप आत एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे हातोहात पोचतो. सरांनी दहा वर्षांपूर्वी ठरवलं की त्या रांगेतल्या एकाचा हात धरून ठेवेल असा छोटासा रेणू शोधायचा. रसायनवाल्यांनी एकामागून एक बनवले, बासष्ट वाया गेले, त्रेसष्टावा लागू पडला. ते औषध नाही. कुपीवरच लिहिलेलं असतं, फक्त प्रयोगशाळेतल्या संशोधनासाठी. पण तो निरोप थांबला की पेशीचं काय होतं हे ज्यांना पाहायचं आहे, अशा बारा लॅबना आम्ही त्याच्या कुप्या पाठवतो. सरांचं नाव त्रेसष्टमुळे आहे.

आता माझी गोष्ट. ऑगस्टपासून माझ्याकडे नव्या पेशी आहेत. त्रेसष्ट ज्याचा हात धरतं ते प्रथिनच त्यांच्यात नाही, मुळातून काढून टाकलेलं आहे. म्हणजे त्यांना त्रेसष्टचं काहीच वाटायला नको. पण त्यांची वाढ तशीच थांबते, इतर पेशींची थांबते तितकीच. मी तीनदा करून पाहिलं.

सर चहाच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हणाले, "तू दोन्ही पेशी एकमेकींत मिसळल्यास. लहान मुलं रंग कालवतात तशा." सगळे हसले, मीही हसले. त्याचा राग मला अजून आहे, माझ्याच हसण्याचा.

फेब्रुवारीअखेर पेपर जायचा आहे. या नव्या पेशी त्यातून वगळायच्या असं ठरलंय. माझं नाव दुसरं आहे आणि माझी सही लागेल. सही नाही तर पेपर नाही, पेपर नाही तर पदवी नाही. हे माझं पाचवं वर्ष. मी काय करू ते सांगू नकोस, पण काहीतरी लिही.

तुझी
खार

११ जानेवारी

प्रिय खारूताई,

तुझं पत्र दुपारी आलं. मी चष्मा शोधत होते तर तो डोक्यावर, आणि तुझं अक्षर अजून तसंच, ओळ संपत आली की वर चढणारं.

आधी कामाचं. पेशी मिसळल्या असतील तर त्यात लाजायचं काही नाही, माझ्या हातूनही मिसळल्या होत्या एकदा. हुडखाली, त्या स्वच्छ हवेच्या कपाटात, एका वेळी एकच जात घ्यायची. ती परत उबेला, इन्क्युबेटरमध्ये, गेल्यावर, स्पिरिटनं पुसून, पाच मिनिटं थांबून, मग दुसरी. खाद्य-माध्यमाची बाटलीही प्रत्येकीची वेगळी, एकीच्या बाटलीत दुसरीचं पिपेट बुडालं की कारभार आटोपला. लेबल झाकणावर नको, बुडाच्या भांड्यावर लावावं, झाकणं अदलाबदल होतात. तू घाईची आहेस. लहानपणी दोन्ही गालांत दाणे कोंबून पळायचीस, खार नाव त्यावरूनच पडलं. तेव्हा हे सगळं पुन्हा एकदा शांतपणे करून बघ.

आता दुसरं. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला जीवशास्त्राला एक सिस्टर होत्या. कांद्याचा पापुद्रा मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या आणि काढायला सांगायच्या. मी पुस्तकातल्यासारखी सुंदर विटांची भिंत काढली. सिस्टरनी माझी वही बंद केली आणि मायक्रोस्कोपवर माझं डोकं धरून ठेवलं. कांदा फाटलेला होता, मध्ये हवेचा बुडबुडा होता. "हा बुडबुडा कुठे आहे तुझ्या वहीत?" त्यांचा हात गार होता, खडूचा वास यायचा. त्या वर्षीच मी ठरवलं की आपण हेच काम करायचं. मला पुढे शिकवलं असतं तर मी तुझ्याएवढी झाले असते, पण घरी ताईचं लग्न काढलेलं, माझं शिक्षण राहिलं. ते जाऊ दे.

तुला एक सांगते. आमच्याकडे लॅबचे प्रमुख थोरले डॉक्टर होते, त्यांच्यासमोर बोलायची कुणाची छाती नव्हती. एकदा दोन दिवसांच्या सुट्टीनंतर मी आले तर इन्क्युबेटरचं आतलं काचेचं दार उघडं राहिलेलं. बाहेरच्या दारानं ते दडलं होतं. तेव्हा तापमान गोल कागदावर पेनानं आपोआप उमटायचं. पाहते तर रेघ खाली उतरलेली, पूर्ण दोन दिवस. मी तो कागद काढला, थेट डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हटलं, या पेशींच्या प्लेटा फेकून द्या, यांचे आकडे धरायचे नाहीत. ते चिडले, पण प्लेटा गेल्या. एवढंच. बोललं की होतं.

जेवतेस का वेळेवर?

तुझी
मावशी

१९ जानेवारी

मावशी,

तूसुद्धा?

मी पाच वर्षं हे काम करतेय. एका वेळी एकच जात घेते, बाटल्या वेगळ्या, लेबलं बुडाला. तरी तुझ्या पत्रानंतर मी दोन्ही पेशींचे नमुने दुसऱ्या इमारतीतल्या तपासणी विभागात दिले, नावं न सांगता. काल निकाल आला. मिसळलेल्या नाहीत. नव्या पेशींमध्ये ते प्रथिन नाही म्हणजे नाहीच.

तो कागद मी सरांना दाखवला. त्यांनी वाचला, घडी घातली, खिशात ठेवला. म्हणाले, "छान. आता पार्सलं तू कर." म्हणजे बारा लॅबच्या कुप्या भरायचं काम. आमच्याकडे ते नव्या आलेल्यांना देतात. कुपी, बर्फाचा डबा, वापरायच्या कृतीची चिठ्ठी, वर लेबल. मी कुप्यांवर लेबलं डकवते आणि विचार करते की या बारा ठिकाणी माझ्यासारखी एकेक कुणी बसली असेल, तिच्याही पेशी भलत्याच वेळी मरत असतील आणि तिलाही कुणीतरी रंग कालवल्याचं सांगत असेल.

तुझ्यावर रागावले होते, पण इन्क्युबेटरची गोष्ट मी तीनदा वाचली. गोल कागद घेऊन तू चालत गेलीस, ते मला दिसतं. तुझ्याकडे पदवी नव्हती, नोकरी पक्की नव्हती, आणि तू गेलीस. मग मला कशाची भीती?

खार

२५ जानेवारी

प्रिय खारूताई,

चूक झाली. मी तुला आधी विचारायला हवं होतं, मग शिकवायला. एकतीस वर्षं मुलांना पिपेट धरायला शिकवलं, त्याची ही खोड. समोरचा काही बोलला की माझा हात त्याच्या मनगटाकडे जातो.

तपासणी करून घेतलीस हे फार छान केलंस. म्हणजे तुझे हात बरोबर आहेत आणि पेशी बरोबर आहेत. मग उरतं काय, असा मी दोन दिवस विचार करत होते. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. तुझ्या काकांनी विचारलं, कुणाशी बोलतेस. मी म्हटलं, त्रेसष्टशी.

मला एक सांग. ज्या प्लेटांत त्रेसष्ट घालत नाहीस, त्यांत काय घालतेस? आणि त्रेसष्ट वाढवत नेतेस ते कसं वाढवतेस? दर वेळी वेगळ्या तीव्रतेच्या बाटलीतून, की एकाच बाटलीतून जास्त जास्त ओतून?

मी का विचारते ते सांगते. असले रेणू पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून ते त्या तेलकट द्रावकात विरघळवतात. ते द्रावक मला चांगलं आठवतं. हातावर सांडलं की मिनिटाभरात तोंडाला लसणासारखी चव येते, हातमोजे असले तरी. आमच्याकडची मुलं एकमेकांची गंमत करायची. पण ते पेशींना सोसतं ते थोडंच. जास्त झालं की त्या सुस्तावतात, वाढायच्या थांबतात, त्रेसष्ट असो वा नसो.

रागावली असलीस तर रागातच उत्तर लिही, पण मापं नीट लिही.

मावशी

३ फेब्रुवारी

मावशी,

एकच बाटली.

आमच्याकडे नियमच तो आहे. त्रेसष्ट बनवायला रसायनवाल्यांना महिना लागतो, त्यामुळे सुरुवातीपासून सरांचा कायदा, वेगवेगळ्या बाटल्या बनवून नासाडी करायची नाही. एकाच बाटलीतून एक माप, दोन मापं, पाच, दहा, वीस. आणि ज्या प्लेटांत त्रेसष्ट नाही त्यांत नुसतं द्रावक, एक माप. फक्त एक. पाच वर्षं मी हे केलं आणि मला दिसलं नाही. माझ्या आधी दोघींनी केलं. भिंतीवर ती कृती प्लास्टिकमध्ये घालून लावलेली आहे, आम्ही तिच्यासमोर उभ्या राहून डबे खातो.

तुझं पत्र वाचलं त्याच दिवशी मी शेजारी पाच प्लेटा जास्तीच्या लावल्या. त्यांत त्रेसष्टचा कणही नाही. नुसतं द्रावक, त्याच मापांनी, एकपासून वीसपर्यंत. चार दिवसांनी मोजल्या आणि ग्राफ काढला. दोन्ही रेषा एकमेकींवर पडल्या. मी खालची रेष पेन्सिलनं गडद केली तेव्हा कळलं की तिथे दोन आहेत.

नळीत, नुसत्या प्रथिनावर, त्रेसष्ट खरंच काम करतं, ते मी स्वतः पाहिलंय. पेशीच्या आत बहुधा ते पोचतच नाही. इतकी वर्षं आम्ही जे मोजलं ते द्रावक होतं.

सरांकडे गेले. त्यांनी ग्राफ बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "हे तुला कुणी सुचवलं?"

"माझ्या मावशीनं."

"कोणत्या संस्थेत असतात?"

"निवृत्त आहे. टेक्निशियन होती."

"टेक्निशियन," सर म्हणाले. बस्स, एवढंच म्हणाले, पण मावशी, त्या शब्दाला त्यांनी जसं चिमटीत धरून बाजूला ठेवलं, त्या क्षणी मी सही न करायचं ठरवलं. आधी मी ठरवलं नव्हतं. तुला वाटत असेल मी तत्त्वाची वगैरे आहे, तर तसं नाही.

नंतर ते समजुतीनं बोलले. आधीचा पेपर याच कृतीवर आहे, त्याला तीन वर्षं झाली, बारा लॅब कामाला लागल्या, आता मागे जाता येत नाही. "पुढच्या पेपरात दुरुस्त करू." मी म्हटलं, पुढच्या कशाला, याच. ते म्हणाले, दार ओढून घे जाताना.

काल बारा पार्सलं पुरी केली. कृतीच्या चिठ्ठीबरोबर प्रत्येकात मी माझी एक चिठ्ठी घातली. "कृपया नुसत्या द्रावकाच्या प्लेटाही याच मापांनी लावा. आमच्याकडे दोन्ही रेषा एकच आल्या." खाली माझं पूर्ण नाव आणि ग्राफची प्रत. पार्सलं उद्या सकाळी जातील. तू डॉक्टरांच्या टेबलावर कागद ठेवलास, मी बारा टेबलांवर ठेवतेय. तुझीच भाची आहे मी.

खार

९ फेब्रुवारी

खारूताई,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहिते आहे. पहिल्या तिन्हीत सही करून टाक असं लिहिलं होतं, वेगवेगळ्या शब्दांत. तिन्ही फाडली.

मी तुला जे सांगितलं तसं झालं नव्हतं.

सुट्टीला जाताना ते काचेचं दार मीच उघडं टाकलं होतं. गाडी गाठायची होती. तुझ्या आईला दिवस गेले होते, तुझ्या वेळचे, तिला बघायला निघाले होते. तिसऱ्या दिवशी परत आले, बाहेरचं दार उघडलं आणि आतलं दार हातभर उघडं. मी ते लावलं. गोल कागद काढला, नवा घातला, पेन जागेवर ठेवलं. जुना कागद घडी करून पर्समध्ये. संध्याकाळपर्यंत तापमान पुन्हा जागेवर आलं आणि पेशी दिसायला ठीकठाक होत्या. डॉक्टरांच्या टेबलाजवळ मी गेले ती दुपारचं डाक-रजिस्टर द्यायला.

त्या प्लेटा एका मुलीच्या होत्या. लांब वेणी होती तिची, आम्ही वेणी म्हणूनच हाक मारायचो. तिचे आकडे त्या वेळी फार सुंदर आले, ते गारठलेल्या पेशींचे होते म्हणून. डॉक्टर खूश झाले. मग दोन वर्षं ती तेच आकडे पुन्हा आणायचा प्रयत्न करत राहिली. रोज माझ्यासमोर. मी तिला प्लेटा द्यायची, ती म्हणायची, "ताई, माझंच काहीतरी चुकतंय." मी म्हणायची, पुन्हा कर, होईल. तिसऱ्या वर्षी ती सोडून गेली. जाताना माझ्यासाठी एक रुमाल विणून ठेवला होता.

तुला धीर यावा म्हणून मी ती गोष्ट उलटी सांगितली. खरं तर इतक्या वर्षांत मनातल्या मनात इतक्यांदा डॉक्टरांच्या टेबलावर तो कागद ठेवलाय की लिहिताना खोटं वाटलंच नाही. तू ते वाचून बारा चिठ्ठ्या घातल्यास. पार्सलं अजून गेली नसतील तर थांब. माझ्या बळावर काही करू नकोस, तिथे काही नाही.

मावशी

२१ फेब्रुवारी

मावशी,

तू पत्र लिहिलंस त्याच्या पाच दिवस आधीच पार्सलं गेली होती. म्हणून थांबायचा प्रश्न नव्हता.

आठवडाभर मी तुला लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते वाचून तू रडली असतीस आणि मला बरं वाटलं असतं. वेणीच्या जागी मी मला पाहिलं. ती तुला ताई म्हणायची. मी तुला मावशी म्हणते. मला प्रश्न पडला की तेव्हा मी त्या लॅबमध्ये असते तर मलाही तू म्हणाली असतीस का, पुन्हा कर, होईल. याचं उत्तर मला नको आहे, तू देऊ नकोस.

मग मी कल्चर रूममध्ये, पेशींच्या खोलीत, गेले आणि ग्राफ पुन्हा पाहिला. रेषा तशाच होत्या. तू काय केलंस आणि काय नाही केलंस याचा त्यांच्यावर काही परिणाम झाला नव्हता. तुझी गोष्ट खोटी निघाली, द्रावकाची शंका खरी निघाली, आणि दोन्ही तुझ्याच. काय म्हणावं तुला.

तेव्हा बळ तुझं नव्हतं असं समजूया. माझं आहे.

इथलं असं. दोन लॅबची उत्तरं आली. एकीनं लिहिलंय, आमच्याही रेषा एक, आम्ही दीड वर्ष स्वतःला दोष देत होतो. दुसरीनं फक्त "धन्यवाद" लिहिलंय आणि सरांना प्रत पाठवली आहे. त्यामुळे सरांना कळलं. ते ओरडले नाहीत. माझी किल्ली काढून घेतली आणि विभागप्रमुखांकडे तक्रार केली की मी लॅबच्या नावानं न विचारता पत्रव्यवहार केला. ते खरंच आहे.

प्रमुख बाई कमी बोलतात. त्या म्हणाल्या, "भांडण मला कळत नाही, प्लेटा कळतात. माझ्यासमोर पुन्हा लावा." कोणत्या प्लेटेत काय आहे हे मोजणाऱ्याला माहीत नसलं पाहिजे. आता मोजायचं कुणी? विभागात प्रत्येकाचा कुठला ना कुठला कागद सरांच्या सहीसाठी अडकलाय. सगळ्यांना त्या आठवड्यात नेमकं गावाला जायचंय. शेवटी बाई म्हणाल्या, "मीच मोजते. पंधरा वर्षांत मायक्रोस्कोपला डोळा लावला नाही, पण आकडे अजून येतात मला."

तू येऊन मोजशील असं क्षणभर मनात आलं होतं. पण तू माझी मावशी. सर म्हणतील, घरचं माणूस आणलं, आणि सगळं बाद होईल. तेव्हा येऊ नकोस. फक्त हे लिहून पाठव की अशी आंधळी मोजणी तुमच्याकडे कशी करायचे. सगळं, बारीकसारीक. कुणाला बोट ठेवायला जागा राहता कामा नये.

खार

२६ फेब्रुवारी

प्रिय खारूताई,

तुझं पत्र यायच्या आधी तुझ्याकडे यायचं तिकीट काढलं होतं. सकाळी जाऊन परत केलं. खिडकीवरचा म्हणाला, आजी, कालच तर नेलंत. मी म्हटलं, भाची नको म्हणते, शहाणी आहे.

आता लिहून घे. प्लेटा तिघांनी मिळून करायच्या. पेशी प्लेटांत सोडायच्या तू, पण एकाच बाटलीतल्या, एकाच सकाळी. त्रेसष्ट आणि द्रावक घालायचं दुसऱ्या कुणी, सरांनी स्वतः घातलं तर सगळ्यात उत्तम, मग ते हाताला दोष देऊ शकणार नाहीत. घालताना तू खोलीबाहेर. मग स्टिकर तिसऱ्या कुणी लावायचे, नुसते आकडे, ओळीनं नाहीत, मनाला येतील तसे, आणि कोणता आकडा कशाचा हे लिहून पाकीट बंद करून चौथ्या माणसाकडे द्यायचं. शिपायाकडे द्या, कार्यालयात द्या, लॅबमधल्याकडे नको. बाई स्वतःच मोजणार आहेत, तेव्हा स्टिकर त्यांनी लावायचे नाहीत. हे विसरू नका, इथेच घसरतात. स्टिकरही कार्यालयातल्या कुणाकडून. इन्क्युबेटरमध्ये प्लेटा एकाच कप्प्यात, कडेला नकोत, कडेच्या सुकतात. मोजताना खोलीत कुणी बोलायचं नाही. मोजणाऱ्याचा चेहरा बघत बसायचं नाही, त्यालाही कळतं. एकेक प्लेट दोनदा, आणि पहिला आकडा झाकून मग दुसरा. पाकीट उघडायचं ते सगळे आकडे शाईनं लिहून झाल्यावर.

आणि इन्क्युबेटरचं आतलं दार लावलं का, हे दोघांनी बघायचं.

वेणीचा पत्ता मी शोधला. एका शाळेत विज्ञान शिकवते. तिला पत्र लिहिलं, सगळं, तुला लिहिलं त्यापेक्षा जास्त, आणि तो गोल कागद घातला. इतकी वर्षं कपाटात होता, घडीवर फाटायला आला होता, मागून पट्टी लावली. जुन्या संस्थेलाही लिहिलं. तिथे आता डॉक्टर नाहीत, मला ओळखणारं कुणी नाही, माझं पत्र कुणी वाचेल की नाही कोण जाणे. तुझे काका म्हणाले, या वयात कशाला उकरून काढतेस. मी म्हटलं, त्या वयात काढलं नाही म्हणून.

वेणीचं उत्तर नाही. येऊ नये असं वाटतं, आणि रोज पत्रांची पेटी उघडून बघते.

तू मला माफ करावंस असं मी म्हणणार नाही. प्लेटा नीट लाव.

मावशी

१४ मार्च

प्रिय मावशी,

तुझ्या पत्रातलं मोजणीचं पान बाईंनी स्वतः वाचलं. स्टिकरच्या ओळीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "हे मी चुकणार होते." मग त्याची प्रत काढून भिंतीवर लावली. अक्षर कुणाचं म्हणून विचारलं. मी सांगितलं, टेक्निशियनचं.

सगळं तू लिहिलंस तसं झालं. सरांनी स्वतः मापं घातली, मी बाहेर. स्टिकर कार्यालयातल्या लेखनिकानं लावले. आतलं दार सरांनी आणि मी, दोघांनी बघितलं, एकमेकांकडे न बघता. बाईंना मोजायला दोन दिवस लागले. मान धरली म्हणून मध्ये गळ्याला पट्टा लावून बसल्या, पण मोजल्या, प्रत्येक दोनदा.

पाकीट काल उघडलं. रेषा एकमेकींवर.

मला वाटलं होतं, इथे संपेल. सर खुर्चीत मागे टेकले आणि बाईंना म्हणाले, ठीक आहे, एक वाक्य घालू, पेशींमधल्या परिणामाबद्दल अधिक अभ्यासाची गरज आहे. मुलीची पाच वर्षं वाया जायला नकोत. पेपर या आठवड्यात, पदवी जूनमध्ये. मावशी, ते वाईट मनानं बोलत नव्हते. त्यांचा आवाज खराच मऊ झाला होता. ते जास्त कठीण गेलं.

बाईंनी चष्मा काढून पुसला. "व्यवहारानं बघ, मुली," त्या म्हणाल्या. "एक वाक्य आहे. पुढे स्वतंत्र पेपर कर, मी मदत करते."

"आणि बारा लॅब? त्यांच्याकडे फक्त माझी चिठ्ठी आहे."

"त्यांना यथावकाश कळेलच," सर म्हणाले.

"सही नसेल तर तुझं नाव काढून पाठवावं लागेल," ते पुढे म्हणाले.

मी म्हटलं, "काढा. पण आकडे माझे आहेत, तेही काढा."

आकडे काढले तर पेपरात मुखपृष्ठ आणि आभार उरतात, हे तिघांनाही माहीत होतं. खाली कुणीतरी सायकल स्टँडवर लावत होतं, ते ऐकू येत होतं.

पुढचं आधी सांगून टाकते. सर मला ठेवणार नाहीत. बाई मार्गदर्शक व्हायला तयार झाल्या, जरा वेळानं, खिडकीकडे बघत, पण नवीन नोंदणी, नवीन विषय, दीड वर्ष तरी. विषय मी लगेच सांगितला, त्रेसष्ट पेशीच्या आत का पोचत नाही. नळीत ते चालतं, म्हणजे रेणू खोटा नाही, त्याला आत न्यायचं राहिलंय. बाई म्हणाल्या, लगेच ठरवू नकोस. मी ठरवलंय. माझं टेबल जिन्याखाली हलवलं आहे, शीतघराच्या यंत्राशेजारी, तिथे दिवसभर घुरघुर असते. उत्तर न आलेल्या दहा लॅबना काल बाईंच्या सहीनं पत्रं गेली. एवढं मात्र त्यांनी केलं, मी न मागता.

आईला तू सांग. मी सांगितलं तर ती रडेल, तू सांगितलंस तर तुझ्यावर चिडेल. चिडलेली परवडते. आणि मी अजून तुझ्यावर पुरती खूश नाही, हेही कळू दे तुला. सुट्टीत येते तेव्हा बोलू. वेणीचं काही आलं का, ते लिही.

आता राहिलेलं. सरांनी तरीही सहीचा कागद माझ्यासमोर सरकवला. बहुतेक सवयीनं, किंवा शेवटचं बघावं म्हणून. त्यावर छापलेलं होतं, मी हे सर्व निष्कर्ष वाचले असून मला ते मान्य आहेत. चार सह्या झालेल्या, दुसरी जागा मोकळी. मी उठून जाईन असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं.

मी पेन मागितलं. बाईंनी दिलं. मोकळ्या जागेत लिहिलं, "वाचले. मान्य नाहीत." खाली पूर्ण नाव, तारीख, आणि सही केली, बँकेत करते तशी, सावकाश.

सरांनी कागद उचलला, लांब धरून वाचला. "हे काय आहे?"

मी म्हटलं, "सर, सही मागितली होतीत ना. ही माझी सही."

तुझी
खार